चटणीतला जागल्या

त्या निळ्या कॅप्सूलच्या डबीवरची अक्षरं केतकीनं पुन्हा पुन्हा वाचली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

डबीवर लिहिलं होतं : ‘विषाणूरोधक व प्रतिकारशक्ती चेतवणारे औषध. फक्त संशोधनासाठी.’

आता यात खटकण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण केतकी नुकतीच सहावीची परीक्षा देऊन आली होती आणि विज्ञानाचा धडा तिच्या डोक्यात अजून ताजा होता. क्षयरोग होतो तो जिवाणूमुळे (जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा, स्वतःचं स्वतः खाऊन वाढणारा, डोळ्यांना न दिसणारा जीव). विषाणूची जातच वेगळी (विषाणू जिवाणूपेक्षाही कितीतरी लहान, त्याला स्वतःचं घर नाही की चूल नाही, तो दुसऱ्याच्या पेशीत घुसतो आणि तिथल्याच सामानावर आपल्या प्रती काढतो). सर्दी, फ्लू ही विषाणूंची कामं. एकावरचं औषध दुसऱ्यावर चालत नाही, हे बाईंनी घसा सुकेपर्यंत सांगितलं होतं. मग जिवाणूच्या रोगाला विषाणूचं औषध? ढेकूण झाले म्हणून कुणी मांजर पाळतं का?

आणि हे औषध कुणाला चाललं होतं, तर तिच्या ताईला.

ताई म्हणजे मैथिली. खो-खोच्या जिल्हा संघातली. खांबाला वळसा घालताना ती अशी काही झुकायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. आता तिचा स्वतःचाच श्वास दोन जिने चढताना अडकत होता. तिला झालेला क्षय हट्टी होता. रोजच्या औषधांपैकी काहींना तिचे जंतू दादच देत नव्हते. म्हणून तिला कासारमाळाच्या पठारावरच्या आरोग्यधामात आणलं होतं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आई आणि केतकी शेजारच्या नातेवाईक निवासात राहायला आल्या होत्या. ताई मरेल की काय, ही भीती केतकीनं कुणालाही बोलून दाखवली नव्हती. ती भीती तिच्या पोटात बसून होती आणि बाहेर येताना मात्र संशयाचं रूप घेऊन येत होती.

पहिला संशय अर्थातच कारभाऱ्याचा. कारभारी म्हणजे औषधं वाटणारा यंत्रमानव. कारखान्यानं त्याला कसलंतरी आकड्यांचं नाव दिलं होतं, पण बायकांच्या वॉर्डानं ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. चाकांवरून डुलत यायचं, पोटातला खण उघडून ज्याचं त्याला द्यायचं आणि कामापुरतंच बोलायचं, असा ज्याचा तोरा, त्याला दुसरं काय म्हणणार?

‘कारभारी,’ केतकीनं तोंडावरची मुखपट्टी सारखी करत त्याची वाट अडवली, ‘ही निळी कॅप्सूल ताईला चुकून दिली जातेय का?’

‘नाही. चेहरा आणि मनगटपट्टी, दोन्ही जुळले आहे.’

‘मग सांग, आत काय आहे?’

‘मला माहीत नाही.’

‘तू देतोस आणि तुलाच माहीत नाही?’

‘मला माहीत नसावे, अशी व्यवस्था करण्यात आली आहे,’ कारभारी म्हणाला आणि तिला वळसा घालून निघून गेला.

व्यवस्था करण्यात आली आहे! म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय कुठेतरी. केतकी तडक डॉक्टर सोपान खरातांच्या खोलीत गेली. खरात आरोग्यधामाचे मुख्य संशोधक. उंच, किडकिडीत, कायम खिशात फुटाणे. सगळी मुलं त्यांना डॉक्टरआजोबा म्हणायची, आणि त्या दिवसापर्यंत केतकीलाही ते आवडायचे.

‘डॉक्टरआजोबा, निळ्या कॅप्सूलमध्ये काय असतं?’

‘काहींच्या कॅप्सूलमध्ये नवं औषध असतं,’ त्यांनी सरळ सांगून टाकलं. ‘काहींच्यात नुसती पिठीसाखर आणि थोडं कडवट चवीचं काहीतरी. दिसायला, चवीला दोन्ही सारखी.’

‘आणि ताईच्या?’

‘माहीत नाही.’

‘मग बघून सांगा ना!’

‘बघणार नाही. कुणी सांगायला आलंच, तर मी कानात बोटं घालीन. पण का, ते ऐक. बस अशी, फुटाणे घे...’

केतकी बसली नाही. फुटाणेही घेतले नाहीत. माझ्या ताईला साखर खाऊ घालतात आणि मलाच बसा म्हणतात! ती तणतणत थेट गॅलरीत ताईकडे आली.

ताईला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. ‘अगं, या चाचणीसाठी सही घेताना सगळं समजावलं होतं त्यांनी. नेहमीची औषधं सगळ्यांना पूर्ण मिळतात, त्यात काही कमी केलेलं नाही. ही निळी वरची आहे.’

‘तू ना ताई, कुणीही काहीही सांगावं आणि तू मान डोलवावी!’

हे बोलणं शालनमावशींनी ऐकलं. शालनमावशी तासगावकडच्या. बेदाण्याच्या शेडवर उभा जन्म गेलेल्या, आणि आता या वॉर्डाच्या न नेमलेल्या पुढारी. तिथं कुणाचा डबा आला की तो आधी त्यांच्यापुढं यायचा, त्यांच्या हातानं सगळ्यांच्या ताटांत वाटला जायचा आणि मगच बायका पहिला घास घ्यायच्या. एकटीनं खायचं नाही, हा त्या वॉर्डाचा कायदाच होता. क्षय हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही, त्यामुळे डॉक्टरांचीही त्याला हरकत नव्हती.

‘आम्हाला बी सांगितलं हुतं अर्ध्या-अर्ध्याचं,’ मावशी हळूच म्हणाल्या. ‘पण मनाला काय पटत न्हाई बघ. पोरी, घरी माझं ताट येगळं, तांब्या येगळा, न्हाणीच्या कडंला नेऊन ठेवलेला. नातवानं हात लावला तर सून त्याचा हात धुवायची. हितं आले, पंगतीत बसले, तवा वाटलं माणसात आले. आन् आता ह्या पंगतीत बी एकीला औषध, दुसरीला साखर? म्हंजी परत ताट येगळंच की!’

गॅलरीतल्या बायकांनी माना डोलावल्या. प्रत्येकीच्या घरी कुठं ना कुठं असा एक तांब्या ठेवलेला होता.

‘मग सगळ्यांचं एकत्र करून वाटून घ्यायचं,’ केतकी बोलून गेली. ‘सगळ्यांना थोडं थोडं खरं औषध मिळेल.’

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती नुकतीच मोठी झाली.

कारभाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. कॅप्सूल घेतली की नाही, हे तो टक लावून बघायचा. पण कारभाऱ्याच्या नियमात असंही होतं, की गिळायला जड जात असेल तर कॅप्सूल उघडून जेवणात मिसळली तरी चालेल. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या वॉर्डाचे घसे एकदम नाजूक झाले. जेवणाच्या वेळी कारभारी कॅप्सूल हातात ठेवायचा आणि बायका एकेक करून ती उघडून मधोमध ठेवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत रिकामी करायच्या. मग मावशी चटणी चांगली कालवून सगळ्यांना सारखी वाढायच्या. कारभारी आपला शांत. कॅप्सूल जेवणात मिसळली होती, चटणी संपली होती, सगळं नियमाला धरून होतं. चटणी थोडी कडू लागायची. पण लसूण वाढवला की भागायचं.

ताईनं पहिल्या दिवशी नाक मुरडलं. ‘हे बरोबर नाही हं,’ असं ती म्हणालीसुद्धा. पण सगळी पंगत थांबलेली आणि मावशींचा चमचा तिच्या ताटावर रोखलेला. मग तिनंही चटणी खाल्ली. केतकीला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

असे काही आठवडे गेले. आणि जूनच्या सुरुवातीला एका सकाळी कारभारी आलाच नाही. औषधं नर्सबाईंनी वाटली.

‘त्याला खोलायला नेलंय,’ नर्सबाई म्हणाल्या. ‘गडबड केलीय म्हणे त्यानं. दुपारच्या पाळण्यानं खाली पाठवणार.’ पाळणा म्हणजे पठारावर ये-जा करणारी हवाई दोरवाट.

बघा, मी म्हणत नव्हते! केतकीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आपला संशय खरा ठरतो, तेव्हा माणसाला फार बरं वाटतं, मग ती बातमी वाईट का असेना. नेमकी काय लबाडी सापडली, ते ऐकायला ती प्रयोगशाळेत धावली.

तिथं कारभारी भिंतीशी उभा होता, पाठीचं झाकण उघडलेलं, आतल्या तारा बाहेर आलेल्या. डॉक्टर खरात भिंतभर पसरलेल्या पडद्यासमोर बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

‘काय केलं यानं?’ केतकीनं विचारलं.

‘तेच कळत नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘हे औषध राज्यातल्या बऱ्याच रुग्णालयांत तपासलं जातंय. कुणाला औषध आणि कुणाला साखर, हे फक्त दूर बसलेल्या एका देखरेख समितीला माहीत असतं. त्यांचा निरोप आलाय. बाकी सगळीकडे दोन गटांत फरक दिसतोय. आमच्याकडे औषधवाल्या आणि साखरवाल्या अगदी एकसारख्या. म्हणजे या यंत्रानं कप्प्यांची सरमिसळ केली असणार. कासारमाळाची माहिती रद्द करायची, असं समिती म्हणतेय. कदाचित इथली चाचणीच बंद होईल.’

‘होऊ दे की बंद! विषाणूचंच औषध होतं ते. जिवाणूला काय करणार?’

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. ‘अच्छा, म्हणजे त्या दिवशी तू यासाठी आली होतीस? प्रश्न फर्मास आहे तुझा. उत्तर ऐकायला थांबायला हवं होतंस.’

त्यांनी पडद्यावर एक चित्र मोठं केलं. एक फुगीर, पारदर्शक थेंब सावकाश सरपटत होता.

‘ही भक्षक पेशी (शरीरात घुसलेल्या जंतूंना गिळून पचवणारी रक्षक पेशी). क्षयाचा जिवाणू शरीरात आला, की ही त्याला गिळते. ही बघ, गिळला. आता पचवायला हवा की नाही?’

केतकी बघत राहिली. पेशीच्या पोटात एक बारीक काडी दिसत होती. ती काही विरघळेना.

‘नाही पचत!’

‘नाहीच पचत. त्याच्या अंगावर मेणचट कवच असतं. शिवाय पेशीचे पाचकरस आपल्यापर्यंत पोचूच नयेत, अशी तजवीज तो करून ठेवतो. चोराला पकडून चौकीत आणावं आणि त्यानं चौकीतच बिऱ्हाड थाटावं, तसं. बाहेर हिंडणाऱ्या, वाढणाऱ्या जंतूंना आमची औषधं मारतात. हे आत झोपलेले मात्र वाचतात. म्हणून तर क्षयाची औषधं महिनोन् महिने घ्यावी लागतात.’

‘मग विषाणूचं औषध आत जाऊन त्यांना मारतं?’

‘ते कुणालाच मारत नाही. गंमत तीच आहे. विषाणूसुद्धा आपल्याच पेशीत लपतो ना? म्हणून काही विषाणूरोधक औषधं विषाणूच्या वाटेलाच जात नाहीत. ती आपल्या पेशींना डिवचतात. मग पेशी इंटरफेरॉन बनवतात (एका पेशीनं दुसऱ्या पेशींना दिलेला धोक्याचा इशारा). पूर्वी गावात जागल्या असायचा, ऐकलंयस? रात्री काठी आपटत, हाळी देत फिरायचा. तो एकटा चोराला धरायचा नाही. तो गावाला उठवायचा, आणि गाव चोराला धरायचं. चोर कुठल्या जातीचा आहे, याच्याशी जागल्याला काय करायचंय?’

केतकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे ढेकणांसाठी मांजर नव्हतं तर! औषध जंतूवर नव्हतंच मुळी, ते ताईच्या पेशींवर होतं. पडद्यावर आता दुसरी भक्षक पेशी आली होती, टवटवीत, आणि तिच्या पोटातली काडी हळूहळू झिजत चालली होती.

‘मग एवढं चांगलं औषध सगळ्यांना का देत नाही?’ आता तिला वेगळाच राग आला.

‘कारण ते चांगलं आहे की नाही, हेच अजून माहीत नाही. जागल्या फार ओरडला तर? अख्खं गाव अंधारात काठ्या घेऊन धावत सुटतं आणि आपल्याच माणसांची डोकी फोडतं. फुफ्फुसांना सूज येते, ताप चढतो. क्षयात काही इशारे उपयोगी पडतात आणि काही चक्क उलटतात, जंतूंचंच फावतं. हे औषध यातलं काय करेल, ते नुसत्या विचारानं कळत नाही. करूनच बघावं लागतं, आणि तेही जपून.’

त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि पडद्यावर बरेच थेंब शेजारी शेजारी मांडले. ‘हे तुमच्या वॉर्डातलं रक्त. नावं झाकलेली आहेत. बघ, एकही पेशी धड झोपलेली नाही आणि एकही धड जागी नाही. सगळ्या आपल्या पेंगताहेत. कप्प्यांची अदलाबदल झाली असती तर निम्म्या जाग्या आणि निम्म्या झोपलेल्या दिसायला हव्या होत्या. हे तर असं दिसतंय, की कुणीतरी सगळ्यांचं औषध एका भांड्यात ओतलं आणि सारखं वाटलं. पण असं कोण कशाला करेल?’

केतकीच्या डोळ्यांपुढं चटणीचं पातेलं आलं.

तिनं भिंतीशी उभ्या कारभाऱ्याकडे पाहिलं. तो काहीच बोलत नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. गप्प बसलं तर तो दुपारी खाली जाणार, आणि कुणाला काही कळणार नाही. मावशींना कुणी बोलणार नाही, तिलाही कुणी बोलणार नाही. पण इथली चाचणी बंद झाली, तर इथल्या कुणालाच हे औषध मिळणार नाही. आणि ताईच्या छातीत बिऱ्हाड करून बसलेले ते चोर तसेच राहतील.

‘डॉक्टरआजोबा,’ ती कशीबशी म्हणाली, ‘जेवायला चला. आत्ताच्या आत्ता. आमच्या गॅलरीत.’

‘आत्ता? मला भूक नाही गं.’

‘भूक नसू दे. पण चला.’

गॅलरीत पंगत बसलीच होती. नर्सबाई कॅप्सूल वाटून पुढं गेल्या होत्या आणि बायका एकामागून एक मधल्या पातेल्यावर वाकून कॅप्सूल उघडत होत्या. कुणी लपवत नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाला वाटतच नव्हतं.

‘या डॉक्टर, बसा,’ शालनमावशींनी ताट पुढं केलं. ‘भाकरीसंगं चटणी वाढू?’

डॉक्टर खरात दारातच थबकले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, रिकाम्या निळ्या टोपणांच्या ढिगाकडे पाहिलं, मग केतकीकडे. केतकीनं मान खाली घातली. ‘मीच सुचवलं होतं,’ ती म्हणाली. ‘कारभाऱ्यानं काही नाही केलं.’

डॉक्टर मटकन खाली बसले, पंगतीतच. आता काय होणार, म्हणून सगळ्यांचे घास हातातच राहिले.

‘मावशी,’ ते शेवटी म्हणाले, ‘इथं सगळ्यांनी एकत्र बसून, वाटून खायचं, हे कुणी सुरू केलं, माहितीय?’

‘तुमीच की! मी आले तवा तुमीच माझ्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलून खाल्ला हुता, सगळ्यांच्या देखत.’

‘तेच म्हणतोय मी. कुणावर रागावू?’ ते कसंनुसं हसले. ‘पण फार मोठा घोळ झालाय, मावशी.’

‘घोळ तुमचाच हाय. कुणाला काय देता ते सांगत का न्हाई? लपवाछपवी म्हटली की माणूस संशय घेणारच.’

‘सांगतो. केतकी, तू आंधळी कोशिंबीर खेळतेस ना? डोळ्यांवरच्या पट्टीत फट ठेवली तर?’

‘मग खेळ कसला! चीटिंग झालं ते.’

‘तसंच हे आहे. तुझ्या ताईला खरं औषध मिळतंय, हे मला कळलं असं समज. मग ती एक दिवस जरा कमी खोकली, की मी म्हणेन, बघा, गुण आला. आणि साखर मिळतेय हे कळलं, तर तिचा चेहरा मला उगाच उतरलेला दिसेल. मी मुद्दाम खोटं बोलणार नाही, पण मला हवं तेच मला दिसेल. ताईचंही तसंच. खरं औषध मिळतंय म्हटल्यावर तिला दुसऱ्याच दिवशी हुशारी वाटेल. म्हणून दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात (औषध देणारा आणि घेणारा, दोघांनाही आत काय आहे ते ठाऊक नसतं, अशी तपासणी).’

केतकीनं डोळे मोठे केले. ‘म्हणजे तुम्हाला तुमचाच संशय येतो?’

‘सगळ्यात जास्त माझाच येतो. हे औषध शोधायला माझं निम्मं आयुष्य गेलंय, पोरी. ते गुणकारी निघावं, असं मला फार वाटतं. म्हणून तर माझ्यावर अजिबात विश्वास ठेवता कामा नये.’

इतके दिवस केतकी या माणसावर संशय घेत होती, आणि हा तिच्याही पुढं जाऊन बसला होता.

‘ते समदं खरं,’ मावशी अजून विरघळल्या नव्हत्या. ‘पण जिच्या वाट्याला साखर आली तिनं काय करायचं? तिनं कशापायी बसायचं ह्या खेळात?’

‘तिला बाकीची सगळी औषधं मिळतात, तिच्यावर तेवढंच लक्ष असतं. आणि नवं औषध गुणकारी ठरलं, तर पहिला मान साखरवाल्या बायकांचा. कागदावर लिहिलंय तसं.’ मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, ‘पण कागदावर लिहून भागत नाही, हे मला कळायला हवं होतं. ज्यांची ताटं वेगळी ठेवली गेली, त्यांना हे इथं, पंगतीत बसून सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं. ज्यांना नको असेल त्यांनी आजच बाहेर पडावं. उपचारात काही फरक पडणार नाही, हा माझा शब्द आहे.’

वाऱ्यानं ताटातले पापड हलत होते. कुणीच उठलं नाही. पहिल्यांदा ताई बोलली.

‘मी राहते,’ ती म्हणाली. ‘आणि या वेळी कॅप्सूल मीच गिळणार. मला त्या दिवशीच पटलं नव्हतं, पण मावशींच्या चमच्यापुढं कुणाची टाप आहे!’

बायका हसल्या. मावशींनाही हसू आवरेना. त्यांनी चटणीचं पातेलं उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं. ‘मांडा मग परत पहिल्यापासनं डाव,’ त्या म्हणाल्या. ‘पण चटणी बंद हुनार न्हाई. बिनऔषधाची करू.’

दुपारच्या पाळण्यानं कारभारी खाली गेला नाही. डॉक्टरांनी समितीला सगळी हकिकत जशीच्या तशी कळवली, चटणीसकट. चटणीचा अंमल उतरेपर्यंत काही आठवडे चाचणी थांबली, मग नव्यानं सुरू झाली. केतकीची शाळा सुरू झाली होती. रोज संध्याकाळी ती ताईशी पडद्यावर बोलायची आणि ताईच्या चेहऱ्यावर औषधाच्या खुणा शोधायची. कधी वाटायचं, खरंच मिळतंय हिला. कधी वाटायचं, छे, साखरच. मग तिला डॉक्टरांचं बोलणं आठवायचं आणि ती स्वतःवरच चिडायची.

दिवाळीच्या सुट्टीत ती आईबरोबर पुन्हा कासारमाळावर आली, ती नेमकी निकालाच्या दिवशी. सगळ्या रुग्णालयांची माहिती एकत्र झाली होती आणि समितीनं झाकलेली नावं उघडायचं ठरवलं होतं. गॅलरीत मोठा पडदा लावला होता.

डॉक्टर खरात उभे राहिले. त्यांनी निकाल सांगायला घेतला. नव्या औषधानं बऱ्याच जणांच्या थुंकीतले जंतू लवकर नाहीसे झाले होते, विशेषतः ज्यांचा क्षय हट्टी होता त्यांच्यात. काही जणांत काहीच फरक पडला नव्हता. थोड्यांना ताप चढला होता आणि त्यांचं औषध थांबवावं लागलं होतं. ‘म्हणजे ही जादू नाही,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण जागल्या कामाचा आहे.’

मग नावं आली. शालनमावशींच्या नावापुढं ‘औषध’ होतं. त्यांची थुंकी कधीच स्वच्छ झाली होती आणि पुढच्या आठवड्यात त्या घरी जाणार होत्या.

केतकीची नजर भराभर खाली सरकली. मैथिली. पुढं लिहिलं होतं : ‘साखर.’

ताईचा खोकला कमी झाला होता, पण जंतू अजून गेले नव्हते. इतके महिने! केतकीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शालनमावशी तर मोठ्यानंच म्हणाल्या, ‘अगं बाई, आदी ठावं असतं तर माझी दिली असती की गं तुला!’

‘म्हणून तर ठाऊक नव्हतं, मावशी,’ ताई म्हणाली. तिनं केतकीला जवळ ओढलं. ‘रडू नकोस, वेडाबाई. मावशींचे जंतू गेले आणि माझे राहिले, यावरूनच तर औषधाचा गुण कळला ना? सगळ्यांनीच औषध खाल्लं असतं, तर इथल्या हवेचा गुण म्हणाले असते.’

केतकीला ते पटलं. रडू मात्र थांबलं नाही. पटलेल्या गोष्टीचंही रडू येतं कधीकधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर स्वतः निळी कॅप्सूल घेऊन आले. या वेळी त्यात काय आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. पंगत थांबली. ताईनं हात पुढं केला, पण केतकी मध्ये आली.

‘डॉक्टरआजोबा, ही ताईला बरं करेल, अशी खात्री आहे तुम्हाला?’

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे, मग पुन्हा केतकीकडे.

‘पुष्कळशी आहे,’ ते म्हणाले. ‘सगळी नाही. पहिले काही दिवस रोज ताप बघू. उलटतंय असं वाटलं, तर लगेच थांबवू.’

केतकी बाजूला झाली. तिनं पाण्याचा पेला भरून ताईच्या हातात दिला.

‘घे, ताई,’ ती म्हणाली.